मला पाजलेलं एरंडेल

मित्रांनो, नाक मुरडू नका. पत्र्याला पोचे आले असतील, एक दिवा काणा असेल, तरी मी राजूरच्या दवाखान्याची जुनी मोटार आहे. घडले विलायतेत, बोटीतून मुंबईला उतरले आणि तिथून या डोंगरात आले. तरुणपणी माझा तोरा काय विचारता! बाजाराच्या दिवशी माझा भोंगा ऐकला की माणसं वाट सोडून उभी राहत. दवाखान्याच्या नर्स रेबेकाबाई मागे बसत, ड्रायव्हर शांतवन पुढे. अवघड दुखण्याच्या माणसाला मी घाट उतरून संगमनेरच्या मोठ्या दवाखान्यात नेत असे.

मग जर्मनीशी लढाई आली. पेट्रोल मिळेना. मला गळक्या छपराखाली लोटलं आणि सगळे विसरले. इथला पाऊस म्हणजे थांबायचं नाव नको! कोंबड्यांनी माझ्या गादीवर अंडी घातली, तेही सोसलं. पण पोटाखालच्या बारीक नळ्या गंजत चालल्या होत्या. पायाने ब्रेक दाबला की याच नळ्यांतून तेल चाकांकडे जातं आणि चाकं थांबतात. पण त्या कुणाला दिसतात? वरून फडकं मारलं की झाली आमची सेवा!

लढाई संपली, पेट्रोल मिळू लागलं. शांतवनने मला बाहेर काढलं. ब्रेकचं तेल आटलेलं दिसलं, तर पठ्ठ्याने स्वयंपाकघरातून शेंगदाण्याचं गोडं तेल आणून ओतलं. "तेल म्हंजे तेल!" म्हणाला. अहो, गोड्या तेलाने ब्रेकमधली रबरं फुगतात! त्यातच गंजलेली नळी फुटली. ब्रेक दाबला तर त्याचा पाय थेट खाली आणि मी थेट उकिरड्यात. सगळा बाजार हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. डोंगरातली छबूबाई दवाखान्यात येऊन राहिली होती. दिवस भरत आले होते आणि मूल आडवं होतं. मागच्या खेपेला असंच झालं होतं, आणि बैलगाडी घाट उतरेपर्यंत तिचं बाळ गेलं होतं. या वेळी तिला बैलगाडीच्या हादऱ्यांत घालायचं नाही, असं रेबेकाबाईंनी बजावलं होतं. तिचा नवरा कानिफनाथ रोज माझ्यापाशी येऊन उभा राही.

"हुईल का हो गाडी नीट?"

"हँडब्रेकवर उतरवतो की," शांतवन म्हणाला.

"त्या घाटात? दोन जिवांना घेऊन?" रेबेकाबाई कडाडल्या. "नगरहून मिस्त्री बोलाव."

बन्सी मिस्त्री लष्कराच्या लिलावातल्या नळ्या आणि रबरं घेऊन आले. माझ्याखाली पडून त्यांनी गंजक्या नळ्या काढल्या, नव्या वाकवून बसवल्या, फुगलेली रबरं बदलली. मग हात पुसत म्हणाले, "बाई, ब्रेकचं तेल कुटंच मिळालं न्हाई. एरंडेल द्या. अन् स्पिरिट."

"पोट बिघडलं का, मिस्त्री?" शांतवनने हळूच विचारलं.

"मला न्हाई रं. मोटारीला पाजायचंय."

"जुलाब व्हायचा तिला!"

"तुझ्या गोड्या तेलाने झाला तेवढा पुरे," म्हणत रेबेकाबाईंनी कपाटातून बाटल्या काढल्या.

दोन्ही मिसळून माझ्यात ओतलं. आता नळ्यांतली हवा काढायची होती, कारण हवा राहिली तर ब्रेक लागत नाही. मिस्त्री खाली, शांतवन तेल ओतायला, म्हणून ब्रेकवर पाय द्यायला बसल्या रेबेकाबाई. खालून आवाज आला, "दाबा बाई! दम धरा! आता सोडा!"

ओसरीवरून छबूबाई खुदकन हसली. "बाई, आमाला सांगता तेच तुमाला ऐकावं लागतंय!" इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच हसली होती. तेलातून येणारे हवेचे बुडबुडे थांबले, पायाखालचा ब्रेक घट्ट झाला.

दुसऱ्या सकाळीच कळा सुरू झाल्या. छबूबाई, कानिफनाथ आणि रेबेकाबाईंना घेऊन आम्ही संगमनेरला निघालो. घाटात एका वळणावर आख मोडलेली बैलगाडी आडवी उभी! एका अंगाला दरी. शांतवनने ब्रेक दाबला. मला उकिरडाच आठवला. पण पाय खाली गेला नाही. चारही चाकं एकदम थांबली, बैलाची शिंगं माझ्या नाकापासून हातभर लांब. कानिफनाथने उतरून बैलगाडी बाजूला रेटली. "देवा, तुझे उपकार!" रेबेकाबाई पुटपुटल्या.

ऑपरेशन झालं. दुपारी कानिफनाथ धावतच बाहेर आला. "लेक झाली! दोघीबी सुखरूप हायेत!" शांतवन माझ्या पायरीवर बसून ढसाढसा रडला. आणि मी? हायसं वाटणं म्हणजे काय, ते मला त्या दुपारी कळलं.

मग कानिफनाथ धोतरासकट मातीत आडवा झाला आणि माझ्याखाली डोकं घालून म्हणाला, "कुटं हायेत त्या नळ्या? बघू तरी." मिस्त्री सोडून माझ्याखाली वाकून पाहणारा तो पहिलाच माणूस. मित्रांनो, तुमच्याकडे मोटार असो, रहाट असो की सायकल, तिच्याखाली अधूनमधून असंच वाकून पाहा. त्यासाठी लेक जन्माला यायची वाट पाहू नका.