कार्टूनचा आवाज

बाबांना कार्टून कळत नाही, या एकाच गोष्टीवर माझा सगळा भरवसा होता.

कळत नाही म्हणजे, ते बघतच नाहीत. हाताने काढलेलं असलं की ते पोरांचं, असा त्यांचा सरळ हिशेब. मी चित्रकला शिकून अ‍ॅनिमेशनच्या स्टुडिओत लागले तेव्हा त्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं होतं, "ससे-कोल्हे काढते. लग्न होईपर्यंत ठीक आहे." लग्न काही झालं नाही, ससे-कोल्हे तेवढे राहिले. आणि गेली काही वर्षं मी एका सिनेमासाठी एक अस्वल काढत होते. ते अस्वल म्हणजे माझे बाबा होते.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. दिग्दर्शिकेलाही नाही. तिला वाटलं, मला सुचलं. अस्वल मोठं सभ्य, चष्मेवालं, टोपी उचलून रस्त्यात भेटेल त्याची विचारपूस करणारं. त्याला दोन पिल्लं. संध्याकाळी ते घरी येतं, पिल्लांना टीव्हीपुढे बसवतं, आवाजाचं बटण हळूहळू पिळतं आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतं. आत पिल्लांची आई असते. आतलं काहीच दिसत नाही. पडद्यावर फक्त पिल्लांचे चेहरे, त्यांच्यावर नाचणारे टीव्हीचे रंग, आणि कान किटेपर्यंत आनंदी संगीत.

आमच्या घरी असंच होतं. बाबा शाळेचे मुख्याध्यापक, त्यांच्या शब्दाला मान. भिंतींना कान असतात हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. ते मला आणि दादाला टीव्हीसमोर चटईवर बसवायचे, कार्टून लावायचे, आवाज मोठा करायचे आणि म्हणायचे, "डोळे पुढे. मान वळवायची नाही." रागाने नाही. शाळेत रांगेतल्या मुलांना सांगावं तसं, अगदी शांतपणे. मग आमच्या पाठीमागे कडी लागायची.

पडद्यावर कोणीतरी कोणाच्या तरी डोक्यात हातोडा घालायचं, आणि आम्ही हसायचो. न हसून चालायचं नाही. आतून एखादा आवाज आलाच, तर तो बुडेल एवढ्या मोठ्याने दादा हसायचा. ही ही ही, असं खोटं, दात विचकून. तो माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठा, पण एवढी अक्कल त्याला तेव्हाच आली होती.

तरी हाच धंदा का धरला, असं तुम्ही विचाराल. मान न वळवता बघता येण्यासारखं आमच्या घरात तेवढंच होतं, म्हणून असेल.

बाबांचं ते वाक्य संहितेत होतं. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी मी ते काढायला लावलं. दिग्दर्शिका म्हणाली, "अगं, अख्ख्या प्रसंगाचा जीव त्या वाक्यात आहे." मी म्हटलं, लांबतंय. खरं कारण निव्वळ भीती. अस्वल कोणाचंही असू शकतं, बटण कोणीही पिळू शकतं. ते वाक्य मात्र बाबांच्या कानावर पडलं असतं तर त्यांना आरसा दाखवल्यासारखं झालं असतं. तेव्हा ते वाक्य सिनेमात कुठेही नव्हतं. हे लक्षात ठेवा.

मग वर्तमानपत्रात माझा फोटो आला आणि घात झाला. शेजाऱ्यांनी अभिनंदन केलं, आणि बाबांना एकदम मुलगी आठवली. फोन आला. "आपल्या गावात लागलाय ना, रविवारी सकाळच्या खेळाला आम्ही सगळे येतोय. बिट्टीला दाखवतो. पोरांचं आहे, पोरांनी बघायलाच हवं."

बिट्टी म्हणजे दादाची मुलगी, माझी भाची. पहिलीत आहे.

बाबांनी ओळखलं तर ते तिथे एक अक्षर बोलणार नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं. चारचौघांत ते कधीच बोलत नाहीत. ते हसून माझी पाठ थोपटतील आणि घरी जातील. मी माझ्या शहरात परत येणार. किंमत आई मोजणार.

मी दादाला फोन केला. "बाबांना नको आणूस."

"का ग?"

"सिनेमा लहान मुलांचा नाहीये, दादा."

"अगं, कार्टून आहे ना? अस्वलाचं?" तो हसला. "आणि बाबा आता पूर्वीचे राहिले नाहीत. पार निवळलेत. आम्ही दोघं कामावर, बिट्टी शाळेतून आली की त्यांच्याकडेच असते. उगाच जुनं उकरून काढू नकोस."

आईला फोन करून 'अजूनही?' एवढंच विचारलं, तर ती म्हणाली, "आता कसलं ग? वय झालं त्यांचं." आणि मग तिचं नेहमीचं, "झाकली मूठ सव्वा लाखाची." तिच्या मागे टीव्हीवर कार्टून ठणाणत होतं. कधीही फोन केला तरी ठणाणत असायचं. मला बरं वाटायचं. भाचीला आपला नाद लागला, असं वाटायचं.

रविवारी थिएटरबाहेर ही पोरांची झुंबड. पोस्टरवर पिल्लं होती ना. थिएटरवाल्यांनीही बिनदिक्कत सकाळचा, मुलांचा खेळ दिला होता. कोणाच्या हातात फुगे, कोणाच्या डोक्यावर कागदी कान. दिग्दर्शिका माझ्या कानाशी म्हणाली, "यांना कोणी सांगितलं नाही का, आपण काय केलंय ते?" सांगून कोण ऐकतं?

बाबा आले. इस्त्रीचा शर्ट, चष्मा, हातात काठी. "काय म्हणतंय तुमचं अस्वल?" त्यांनी विचारलं. आई मागे होती. एवढ्या उकाड्यात लांब बाह्यांचा ब्लाउज. मी बघितलं, आणि बघितलं नाही असं केलं. ही कला आमच्या घरात सगळ्यांना येते.

गुडघ्यांमुळे बाबा रांगेच्या कडेला बसले. मग आई, मग दादा, मग बिट्टी, आणि भिंतीकडे मी. म्हणजे बाहेर पडायचं तर बाबांना ओलांडूनच.

दिवे गेले. अस्वल दारात अडकलं तशी पोरं खिदळली. बाबाही हसले. अस्वलाने टोपी उचलून शेजाऱ्याला गुडघेदुखीचं औषध विचारलं, तेव्हा तर ते दिलखुलास हसले. मी पडदा बघतच नव्हते, बाबांचा चेहरा बघत होते. चष्म्याच्या काचांत माझी चित्रं हलत होती आणि त्यामागचे डोळे दिसत नव्हते. आता उठावं, ऑपरेटरच्या खोलीत जावं, सांगावं की बंद करा, असं दोनदा मनात आलं. उठले नाही.

प्रसंग आला. पिल्लं बसली. अस्वलाचा पंजा बटणाकडे गेला. त्या एका पंजावर मी आठवडाभर खपले होते, कारण बाबांची बोटं बटणाला लागण्याआधी क्षणभर थांबतात. पंजा थांबला. बटण फिरलं. संगीत वाढत गेलं. थिएटरमधली पोरं गप्प झाली. एक बाई आपल्या मुलाला म्हणाली, "घाबरू नको रे, कार्टून आहे."

मी बाबांकडे बघितलं. ते जांभई देत होते.

तेवढ्यात माझ्या शेजारून, अगदी हळू, पाढा म्हणावा तसं ऐकू आलं.

"डोळे पुढे. मान वळवायची नाही."

बिट्टी ताठ बसली होती. हात मांडीवर, नजर पडद्यावर. पडद्यावर आतलं दार लागलं, आणि ती हसली. ही ही ही. दात विचकून, मोठ्याने.

हे हसू मला पाठ होतं. तिच्या डोक्यावरून मी दादाकडे बघितलं. तो माझ्याकडेच बघत होता. पडद्याचा उजेड त्याच्या तोंडावर नाचत होता. हे वाक्य तिला सिनेमाने शिकवलं नव्हतं. दादाने तर तिला मरेपर्यंत सांगितलं नसतं. उरलं कोण? फोनमागे ठणाणणारं कार्टून मला आठवलं.

पुढचा सिनेमा मी पाहिला नाही. बिट्टीचा हात हातात घेऊन बसले. तो घामाने ओला होता.

दिवे लागले. टाळ्या कमी, रडणारी पोरं जास्त. बाबा काठी टेकत उठले. "छान! शेवट जरा रडका झालाय. पोरांना हसवायचं असतं ग." चोराच्या मनात चांदणं म्हणतात. बाबांच्या मनात काळोख होता, आणि त्यात ते निवांत बसले होते. त्यांनी ओळखलं नाही, याच एका गोष्टीसाठी मी जीव मुठीत धरला होता. आता तिचा मला काडीचा उपयोग नव्हता.

बिट्टी अजून कोऱ्या पडद्याकडेच बघत होती.

"आत्या," ती म्हणाली, "संपलं ना? आता मान वळवली तर चालेल?"

दादाने तोंड हातांनी झाकून घेतलं.

मी उठले. या वयात, नोकरी-घर असलेली बाई, आणि बाबांसमोर बोलायचं तर माझा आवाज चटईवर बसलेल्या पोरीचा येतो. "आई, तू आज माझ्याकडे चल."

बाबा हसले. "हे काय नवीन? घरी जाऊन बोलू. चल ग."

आई अर्धी उठली. सवयच ती. दोन जिने उतरून, रिक्षात बसून, घरी जाऊन, दार लावून ते काय 'बोलणार' होते, हे आम्हा चौघांनाही ठाऊक होतं.

"अजून मारतात का ग तुला?" मी विचारलं.

"हळू बोल," बाबा म्हणाले. शांतपणे. "लोक ऐकताहेत."

तरी मी परत विचारलं, आणि या वेळी माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "आई, दार लावून बाबा तुला अजून मारतात का?"

जिन्याकडे निघालेली माणसं थांबली. फुगेवाली पोरं थांबली. बाबांचा हात खुर्चीच्या पाठीवर कशाला तरी चाचपडला. इथे आवाज मोठा करायला त्यांच्या हाताशी काहीच नव्हतं.

आईने बाही मनगटापर्यंत ओढली.

"हो," बिट्टी म्हणाली. "कार्टून लावतात ना, तेव्हा."

मग बाबा म्हणाले, "चल."

दादा उठून त्यांच्या आणि आईच्या मध्ये उभा राहिला. आईने मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं.

"माझी औषधं घरी आहेत," ती म्हणाली.

"मी आणतो," दादा म्हणाला.