पोटॅशच्या वाटेनं

"केळबाई गं वाकली, घडाच्या भाराखाली,
टेकू द्याया गं तिले, कोणाची लेक आली…"

बुऱ्हाणपूरजवळच्या जैनाबादच्या बागेत मालूबाईंचा हा आवाज चारुलतानं ऐकला तेव्हा ती नवी नवरी होती. मालूबाई तिच्या आजेसासूबाई. त्या हातानं केळीच्या मुळाशी पोटॅशचं खत टाकायच्या, तोंडानं गायच्या आणि मधेच गाणं तोडून लेकावर ओरडायच्या, "वामन, मूठ आवर रे! खाऊ घालू राहिला की पुरू राहिला?" मग नातसुनेकडं वळून, आवाज खाली आणून त्या म्हणाल्या होत्या, "पोरी, हा माझा वामन बोलणारा नाही. काटा रुतला तरी सांगत नाही. याचं पान पाहून समजायचं."

मालूबाईंना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. वामनरावांनी सत्तरी ओलांडली. आणि पोळा होऊन गेल्यापासून चारुलता आपल्या सासऱ्यांचं पान पाहत होती.

पान कडेनं करपलं होतं. संध्याकाळी राजघाटावर फिरायला गेले की परत चढताना ते अर्ध्या पायऱ्यांवर थांबायचे आणि तापीकडं तोंड करून उभे राहायचे. विचारलं तर, "पाणी पाहू राहिलो. किती उतरलं पाहा." पाणी उतरलेलं नसायचं. त्यांचा डावा तळहात मात्र छातीवर असायचा, सदऱ्याच्या खिशातलं काही सांडू नये तसा.

गावातल्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला. तो धड हो म्हणेना, धड नाही म्हणेना. डॉक्टरांनी विचारलं, "चालताना छातीत दुखतं?"

"नाही."

"जड वाटतं? हात भरून येतो?"

"नाही बुवा. गॅस आहे."

डॉक्टरांनी चारुलताच्या नवऱ्याला, ललितला बाजूला घेतलं. "दुखतं म्हणाले असते तर सरळ अँजिओग्राफीला पाठवलं असतं. नाही म्हणतात. मग इंदूरला थॅलियम टेस्ट करून घ्या, म्हणजे कळेल."

घरी येताना रिक्षात वामनराव खुशीत होते. गॅसच आहे, हे त्यांच्या मते ठरलंच होतं.

हा गॅस कुठून आला ते चारुलताला ठाऊक होतं. तो उखर्डूकाकांच्या ओट्यावरून आला होता. उखर्डूकाका वामनरावांचे चुलतभाऊ, बरोबरीचे. गेल्या वर्षी ते बागेतच कोसळले. वाचले, पण घरच्यांनी त्यांचं मीठ काढलं, चहा काढला, बाग काढली, आणि त्यांना ओट्यावर नेऊन बसवलं, विसर्जन राहून गेलेल्या गणपतीसारखं. वामनराव त्यांना भेटायला जायचे आणि परत येताना स्वतःच्या पायांकडं पाहत यायचे.

इंदूरला जायच्या आदल्या संध्याकाळी चारुलता जेवणाच्या टेबलावर बारावीचे केमिस्ट्रीचे पेपर तपासत होती. वामनराव मोबाइल हातात धरून आले.

"चारू, नीलेशनं हे पाठवलं. थॅलियम जहर आहे म्हणते."

नीलेश म्हणजे शेजारचा. सकाळी देवाचे फोटो आणि संध्याकाळी रोगांची भीती, असा त्याचा नेम.

चारुलतानं पेन खाली ठेवलं. "हो बाबा. जहर आहे."

ललितच्या घशात पाणी अडकलं. "अगं!"

"मग काय सांगू? खडीसाखर आहे म्हणून?"

वामनराव खुर्ची ओढून बसले. खरं सांगणाऱ्या माणसासमोर त्यांना बसावंसं वाटायचं. "कसं असते ते?"

"धातू आहे. शिशासारखा जड, पण सुरीनं कापता येईल इतका मऊ. कापला की लख्ख चमकतो आणि हवा लागली की काळवंडतो."

"कापलेल्या वांग्यासारखा."

"तसाच. ज्योतीत धरला की हिरवा उजेड देतो. त्या हिरव्या रेघेवरूनच तो सापडला. शोधणाऱ्यानं नावही हिरव्या कोंभावरून ठेवलं."

"जहराचं नाव कोंभ?" वामनरावांना हे आवडलं. ते मोबाइल विसरले. "कामाचा काय?"

"पूर्वी उंदीर मारायला वापरायचे. त्याच्या क्षारांना ना चव ना वास, माणसंही मरायला लागली, केस गळून हातात यायला लागले, म्हणून पुष्कळ देशांनी बंद केलं. आता कारखान्यांत थोडंसं लागतं. उष्णता पाहणाऱ्या कॅमेऱ्यांची भिंगं, खास जातीची काच. पाऱ्यात मिसळलं तर पारा लवकर गोठत नाही, म्हणून बर्फाळ मुलखातल्या थर्मामीटरांत."

"आणि कार्बाइड? याचंही कार्बाइड होते?"

बुऱ्हाणपुरात केमिस्ट्रीची गोष्ट कुठूनही काढा, ती कार्बाइडवर येतेच. वामनरावांनी ऐन उमेदीत केळी पिकवण्याचा धंदा केला होता. बंद खोलीत केळीच्या थप्प्या, मधे कार्बाइडच्या पुड्या, ओल लागली की सुटणारा लसणासारखा वास. दोन रात्रींत वरून पिवळं सोनं, आतून कच्चं. आता ते बंद. सगळे थंड खोल्यांत इथिलीन सोडून पिकवतात.

"कॅल्शियमचं होतं," चारुलता म्हणाली, "ते तुमचं. टंगस्टनचं होतं. लेथवाले पावरलूमचे पार्ट कापतात ना, त्या हत्याराच्या टोकाला तेच असतं, दगडापेक्षा कडक. पण थॅलियमचं आणि कार्बनचं जुळत नाही. कामाला येईल असं थॅलियमचं कार्बाइड मला तरी कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. माझी वर्गातली पोरं नेटवरून उतरवून आणतात, 'थॅलियम कार्बाइडचे औद्योगिक उपयोग'. मी रेघ मारते."

"बरंच झालं, नाही जुळलं ते. दोघंही नाठाळ." ते हसले. मग सहज विचारल्यासारखं करत म्हणाले, "पण हे दिलात जाते कसं?"

"पोटॅशच्या वाटेनं."

वामनरावांचं हसू थांबलं. पोटॅश म्हटलं की ते कान देऊन ऐकत. केळी कशावर जगते? पाण्यावर आणि पोटॅशवर.

"हृदयाच्या प्रत्येक पेशीला पोटॅश आत घ्यायचा दरवाजा असतो. थॅलियम अंगानं जवळपास पोटॅशएवढंच, विजेचा भारही तोच. दारवानाला फरक कळत नाही, तो आत सोडतो. म्हणूनच तर जहर. पण उद्या सुईतून देतील ते इतकं थोडं की डोळ्यांना दिसायचंही नाही, केस गळणं तर सोडाच. ते आत जाऊन किरणं सोडतं, बाहेरून कॅमेरा पाहतो. रक्त पोचलं तिथं ते दिसतं. रक्त नाही पोचलं तिथं काळा डाग. बागेत पोटॅश कमी पडलं की तेवढ्याच खोडांची पानं करपतात ना, तसं."

"म्हंजे डाग दिसते."

"असला तर."

"आणि सगळीकडे एकसारखं दिसलं तर?"

"मग डाग नाही."

वामनराव उठून गेले. चारुलताला बरं वाटलं. इतकं छान वर्गातही कधी समजावता आलं नव्हतं. ती पुन्हा पेपरांकडं वळली. तिथंच तिचं चुकलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ते निघाले. रिकाम्या पोटी यायला सांगितलं होतं. ललित गाडी चालवत होता, चारुलता त्याच्या शेजारी, वामनराव मागं एकटे, मांडीवर कापडी पिशवी घेऊन. सिमरोलच्या घाटात ट्रकांमागं गाडी रखडली तेव्हा नवराबायकोचं वाटेवरून जुंपलं. मागून चकार शब्द नाही. एरवी ते नक्की लेकाची बाजू घेत.

इंदूरच्या त्या सेंटरमध्ये काचेपलीकडं कॅमेरा दिसत होता, दोन मोठे चौकोनी पंजे जोडलेला. चारुलतानं तो आजवर चित्रातच पाहिला होता. त्या पंजांत स्फटिक असतो आणि त्या स्फटिकातही चिमूटभर थॅलियम मिसळलेलं असतं, म्हणूनच किरण पडला की तो लुकलुकतो. आत शिरलेलं थॅलियम हाक मारतं आणि बाहेरचं थॅलियम ओ देतं. हे बाबांना सांगायला हवं, असं तिच्या मनात आलं.

तृप्ती नावाची तरतरीत मुलगी तपासणीला होती. ती विचारत गेली, लिहीत गेली.

"बाबूजी, कल से चाय तो नहीं पी?"

"नहीं."

"सुबह से कुछ खाया?"

"बिलकुल नहीं."

"चलते समय सीने में दर्द?"

"नहीं, बेटी."

मशीनवर पळावं लागणार म्हणून वामनरावांनी ललितचे बूट घातले होते. ललित गाडी लावायला गेला होता. नाड्या बांधायला चारुलता खाली वाकली आणि तिला वास आला. बुऱ्हाणपूरच्या माणसाला हा वास झोपेतही कळतो. तिनं त्यांच्या मांडीवरची पिशवी हातानं दाबून पाहिली. मऊ लागली.

"एक मिनिट हं, तृप्ती." तिनं सासऱ्यांना कॉरिडॉरमधल्या बाकावर नेऊन बसवलं.

"किती?"

"काय किती?"

"केळी, बाबा."

वामनरावांनी समोरच्या भिंतीवरचं हृदयाचं चित्र वाचायला घेतलं. "एक फणी."

"अख्खी?"

"लहान होती. अर्धी रात्री, अर्धी गाडीत. सालं पिशवीत आहेत. तुम्ही दोघं भांडू राहिले होते तेव्हा."

"काहून पण?"

मग त्यांनी समजावून सांगितलं, ती काल ज्या धीरानं सांगत होती त्याच धीरानं. "तूच तर म्हटली, पोटॅशच्या वाटेनं जाते. केळ म्हंजे सगळं पोटॅश. जमीन पोटॅशनं भरलेली असली तर वरून टाकलेलं मूळ घेत नाही. म्हटलं, दिल भरून ठेवावं, दरवाजा बंद. आत काही जाणारच नाही, तर मशीनले सगळं एकसारखं दिसन."

चारुलताला हसू फुटलं. पदर तोंडाशी धरूनही आवरेना. समोरून जाणारा वॉर्डबॉय वळून पाहू लागला.

"अहो बाबा, रक्तातलं पोटॅश मापात राहतं. जास्तीचं किडनी बाहेर काढते. थॅलियम शिरायचं ते शिरणारच. तुम्ही एवढं करून पोट तेवढं भरून घेतलंत, आता आजची जाँच…"

वाक्य तिथंच राहिलं. हसूही.

जहराला भ्यालेला माणूस 'मला नको' म्हणतो. हा माणूस जहराला भ्यालेला नव्हता. त्याला सगळं एकसारखं दिसायला हवं होतं. डाग आहे हे ज्याला ठाऊक असतं, त्यालाच तो झाकावासा वाटतो.

ती त्यांच्या शेजारी बसली. दुखतं का, हे या आधी तिनं विचारलं होतं, ललितनं विचारलं होतं, डॉक्टरांनी, तृप्तीनं. सगळ्यांना एकच उत्तर मिळालं होतं. तिनं पुन्हा विचारलं नाही.

वामनरावच म्हणाले, "उखर्डूले पाहिलं ना तू?"

"पाहिलं."

"दिवसभर रस्त्यावरच्या रिक्षा पाहत बसते. परवा मले म्हणे, वामन, घड कसे आहेत बागेत, सांग. मी सांगत होतो अन् तो डोळे मिटून ऐकत होता. माणसाचं असं करतात का?"

"उखर्डूकाकांनीही कुणाला सांगितलं नव्हतं, बाबा," चारुलता म्हणाली. "पडले तेव्हा कळलं. अर्धं हृदय तिथंच गेलं. आधी बोलले असते तर आज बागेत असते. त्यांना ओट्यावर डॉक्टरांनी नाही बसवलं."

बुटाची नाडी सैल झाली होती, ती वामनरावांनी उगाच ओढून पाहिली.

तृप्ती दारात आली. "मॅडम, बाबूजी को ले चलूँ?"

"आज नहीं हो पाएगा," चारुलता उठत म्हणाली. "इन्होंने खा लिया है."

"अरे बाबूजी!" तृप्तीनं कपाळाला हात लावला. "ठीक है, दूसरी तारीख देती हूँ. बाकी वही रहेगा ना? सीने में दर्द नहीं…"

"रुको बेटी."

तृप्ती थांबली. वामनरावांनी सुनेकडं पाहिलं, आणि बोलले ते तिच्याशीच, घरच्या बोलीत.

"दुखते, बाई. पोळ्यापासून दुखते. घड खांद्यावर घेतला की इथं कोणी पाय देऊन उभं राहते, आणि मग हात करंगळीपर्यंत भरून येते. रोज दुखते."