बावीस गजांचं खळं

बावीस गज.

शेणाच्या चाळीस पाट्या, वरून बारीक कुटार, भुशाचं.

तीन काड्या इकडं, तीन तिकडं.

कापसाच्या चढ्या भावानं अकोल्याच्या बैलांच्या शिंगांना त्या साली चांदीच्या शेंब्या आल्या होत्या.

नाताळचा दुसरा दिवस. रानात चहूकडं सराट्याचे काटे.

"बूट काढ म्हनाव त्याले," तानुबाई म्हणाली.

ती खळ्याच्या कडेला वाट अडवून उभी होती. समोर पेटन साहेब, कापूस खरेदीला विलायतेहून आलेला ताडमाड माणूस, हातात चेंडूफळीची फळी. दोघांच्या मधे त्याचा चपराशी नासिर, घामाघूम.

"मौसी, माही चाकरी खाशीन तू!"

साहेबाला खेळायला मैदान हवं होतं. पण काळी माती ती. दोनदा सपाट केली, दोनदा भेगाळली. तेव्हा नासिरनंच सांगितलं होतं, की भेगा न पडणारी भुई म्हणजे खळं, आणि खळं करावं तर तानुबाईनं. मार्गशीर्ष लागला की आसपासची गावं तिला बोलवायची. खळं करायचं, बदल्यात ज्वारी घ्यायची. तिचं वर्ष त्यावर निघायचं.

साहेबानं माप सांगितलं, बावीस गज. तानुबाईनं बावीस गज रुंदीचं गोल खळं केलं. एवढं मोठं तिनंही कधी केलं नव्हतं. आठ दिवस पाणी, बैलांची तुडवण, धुम्मसानं ठोकणं, सारवण. नखानं उकरलं तरी कण निघेना. मधोमध बैल बांधायची मेढ रोवून तिला हळदकुंकूही वाहिलं.

साहेब मेढीभोवती एक फेरी मारून पोट धरून हसला. त्याला लांब पट्टा हवा होता, दोन्ही टोकांना तीन-तीन काड्या.

"काड्या?" मेढ उपटता उपटता तानुबाई म्हणाली होती, "याचे बैल केवढे हायेत, बाप्पा?"

पण काल शेषराव पाटील येऊन गेला. पायातला जोडा बाहेर ठेवून खळ्यावर फिरला, खाली बसून हात फिरवला.

"झकास झालं, तानू. पन याच्यावर बूट चढला, तर तुह्या हातचं खळं मले नाई चालत. मलेच काय, कोनालेच नाई."

म्हणून ती आता हलत नव्हती.

"साहेब विचारते, काहून?" नासिर म्हणाला.

"थो जेवाच्या ताटात बुटाचा पाय ठेवते का, इचार."

नासिरनं डोळे मिटून घेतले आणि जसंच्या तसं सांगितलं. साहेबानं ते खळं निरखून पाहिलं. मग फळी बाजूला टाकली, मातीतच बसकण मारली आणि बुटाचे बंद सोडायला लागला.

कापसाच्या गाड्या सोडून बघायला जमलेल्या गाडीवानांनी गलका केला. "अबे, पायबी गोरेच हायेत याचे!"

मग खेळायला आलेले बाकीचे साहेबही बसले. कडेला बुटांची रांग लागली, आणि ती राखायला नासिर बसला, राजासारखा.

चेंडू टणकन उडायचा, तानुबाईचा जीव खाली-वर व्हायचा. भेग नाही. टवका नाही. मग एकानं असा टोला हाणला, की चेंडू खळं ओलांडून सराट्यांत गेला. त्याच्या मागं अनवाणी धावलेला जाडा साहेब एका पायावर नाचत परतला. तानुबाईनं त्याला खाली बसवलं, पाय मांडीवर घेतला आणि पदराच्या कडेला टोचलेल्या सुईनं काटा काढला.

"केवढा कोकलते! नवरीच्या पायासारखा पाय हाये तुहा!"

साहेबाला काय कळलं कोण जाणे, तोही हसला.

तेवढ्यात चेंडू कडेला बघत उभ्या असलेल्या शेषरावाच्या पायाशी आला. पाटलानं इकडं-तिकडं पाहिलं, जोडा काढला, खळ्यावर चढला आणि चेंडू असा भिरकावला की तिन्ही काड्या उडाल्या. कुणी बाद झालं की नाही कुणालाच कळेना, सगळेच ओरडले. पाटील परतला तो मिशीला पीळ देत.

"परवा आमच्या खळ्याले ये," तानुबाईकडं न बघता तो म्हणाला.

"बैल पोटभर चारून ठेवजा," ती म्हणाली, आणि दोन बोटं तोंडात घालून तिनं शिट्टी मारली.

पुढं साहेब बदलले, कडेला छपरी आली, बसायला बाकं आली. गाव मात्र त्याला खळंच म्हणत राहिलं.

आगगाडीच्या रुळांसाठी अकोल्याची जमीन मोजली, ती या खेळाच्या दोन वर्षं आधी. तानुबाईचं स्वतःचं वावर त्यात गेलं, त्यातल्या खळ्यासकट; तेव्हापासून ती दुसऱ्यांची खळी करत होती.