श्रमांचा रकाना

तिने रक्ताची तीच नळी पुन्हा यंत्रात लावली. पहिल्या वेळी आकडा यंत्राच्या मर्यादेबाहेर गेला होता. अशा वेळी नमुना दहापट पातळ करून तपासायचा, हा लॅबचा नियमच; तिनेही तसंच केलं. पण आज तिचे हात नियमासाठी चालत नव्हते. नळीची अदलाबदल झाली असावी, एवढीच तिला आशा होती.

नळीवर सासूबाईंचंच नाव होतं. आकडा अठरा हजार. दोनशेच्या आत हवा होता.

स्नायू फुटू लागले की हा आकडा चढतो, कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्यांनी क्वचित असं होतं, हे अकरा वर्षं लॅबमध्ये काढलेल्या तिला पाठ होतं. सासूबाईंची गोळी दोन महिन्यांपूर्वी सुरू झाली होती. जेवणानंतर ती स्वतः त्यांच्या हातावर ठेवायची.

"मांड्या भरून येतात गं," त्या म्हणाल्या होत्या.

"बसून बसून येतात, आई. जिने चढा."

रोज चार वेळा, तिसऱ्या मजल्यापर्यंत. परवा त्या कठडा धरून थांबल्या, तेव्हा ती नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली होती, "नाटकात असत्या तर नाव काढलं असतं." काल लघवी काळ्या चहासारखी होतेय म्हणाल्या, तर "पाणी प्या" म्हणून ती मोकळी झाली. शेवटी आज शेजारणीनेच त्यांना डॉक्टरकडे नेलं आणि डॉक्टरांनी रक्त तपासायला इथे पाठवलं.

तिने डॉक्टरांना फोन लावला. आकडा सांगितला.

"गोळी बंद. लगेच दाखल करा, सलाइन लावू. मूत्रपिंडं वाचवायला हवीत. बरं, हल्ली काही श्रम झाले?"

"श्रम?"

तिने तपासणीचा अर्ज ओढला. श्रमांच्या रकान्यात सासूबाईंचं वाकडंतिकडं अक्षर होतं : नाही.

दार उघडंच होतं. बाहेर बाकावरून सासूबाई तिच्याकडेच पाहत होत्या. त्यांनी हळूच मान हलवली. नाही म्हण.

"झाले," ती म्हणाली. "रोज चार वेळा जिने. मी चढायला लावले."

ती बाहेर आली तेव्हा सासूबाई रागावल्या होत्या.

"घरातली गोष्ट बाहेर कशाला सांगायची? शहाणी कुठली!"

"उठा, आई. दवाखान्यात जायचंय."

त्यांनी गुडघ्यांवर हात रोवले. पुन्हा रोवले. मग ती खाली बसली आणि त्यांचे दोन्ही हात तिने आपल्या खांद्यांवर घेतले.

"दमानं हं," सासूबाई पुटपुटल्या. "मी जड आहे. तुझी कंबर धरेल."