क्लॅरिनेटची ओळ

आलापल्लीला वरात मांडवाच्या दारी लागली आणि जलालुद्दीनने ट्रंपेट ओठांवरून काढला, तेव्हा त्याला कळलं की त्याची बायको खुर्शीदा दुपारीच वारली. चंद्रपूरहून तिथल्या टेलिफोन बूथवर फोन आला होता. तो आकिबने घेतला होता. आकिब खुर्शीदाचा धाकटा भाऊ, जलालुद्दीनच्या बँडातला क्लॅरिनेटवाला. मधला दीड तास तो काही बोलला नाही आणि बाकीच्यांनाही त्याने बोलू दिलं नाही.

नवरदेव मांडवाजवळ आला की बँड एक धून वाजवायचा. ती खुर्शीदाची होती. तांदूळ निवडताना ती गुणगुणायची. जलालुद्दीनने ती बँडावर बसवली. त्या दिवशी त्याच धुनेत क्लॅरिनेटचा सूर एका जागी उतरला. जलालुद्दीन सगळ्यांदेखत ओरडला, "काऊन बे, हवा सरली का?" वऱ्हाडी हसले. आकिबने मान खाली घालून सूर परत उचलला.

"दुल्हाभाई, पाचच्या आधी गाडीच नव्हती," तो नंतर म्हणाला. "तवापर्यंत तुमाले तडफडत काऊन ठेवायचं?"

"तिचीच धून मले तिच्या मयतीवर वाजवायले लावली तू," जलालुद्दीन म्हणाला. त्यानंतर त्याने आकिबला दारात उभं केलं नाही. आकिबनेही बँड सोडला.

जलालुद्दीनला पोलीस बँडातल्या एका म्हाताऱ्या उस्तादांनी नोटेशन शिकवलं होतं. खुर्शीदाला वर्ष झालं की बरसीला घरची माणसं जमतील, तेव्हा त्यांना ती धून ऐकवायची असं त्याने ठरवलं. बँड आता उरला नव्हता. लोक डीजे बोलवत होते. त्याने सगळ्यांचे भाग वहीत लिहून काढले. त्याची मुलगी नाहीद कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवायची. रविवारी दुपारी बसून तिने एकेक ओळ कॉम्प्युटरवर चढवली.

वाजवून पाहिलं तर सगळा बँड पियानोच झाला होता.

"आवाज नेमावा लागतो अब्बा, हरेक ओळीले येगळा," नाहीद म्हणाली.

यादीत सव्वाशेवर आवाज होते. पहिल्या ओळीला ट्रंपेट नेमला. साइड ड्रम जमला. जाड सुरांचा युफोनियम यादीत नव्हता, म्हणून ट्यूबावर भागवायचं ठरलं. नाहीदने यादीत खाली सरकताना भलत्याच आकड्यावर बोट दाबलं आणि ती जाड ओळ टेलिफोनच्या घंटीसारखी वाजू लागली. ती हसली. जलालुद्दीनही हसला. मग दोघांनाही तो फोन आठवला. नाहीदने घाईघाईने आकडा बदलला.

क्लॅरिनेटची ओळ शेवटी आली. नाहीदने नाव निवडलं आणि धून सुरुवातीपासून लावली. ती जागा आली आणि गेली. सूर कुठेच उतरला नाही.

"थांब," जलालुद्दीन म्हणाला. "असं नाई वाजलं होतं."

"मंग कसं? सांगा, मी तिथं उतरवून देतो."

त्याने परत लावायला सांगितलं आणि वहीवर बोट ठेवून ऐकलं. सूर उभ्या रेघांमधल्या बाराव्या घरात उतरला होता. त्यापुढे अठ्ठावीस घरं होती. ती तो आजवर मोजत नव्हता. बहीण गेल्याचं माहीत असून आकिबने ती सगळी बरोबर वाजवली होती, लोक हसल्यानंतरही. अकरा महिने जलालुद्दीनच्या कानात मात्र एकच जागा होती.

"अब्बा, मामूले बोलवा ना," नाहीद हळूच म्हणाली. "त्याचा आवाज या यादीत नाई."

"हा काढून टाक," तो म्हणाला. तिने ती ओळ परत पियानोवर आणली.

बरसीला आठ दिवस उरले आहेत. बाकीच्या ओळी तयार आहेत. क्लॅरिनेटच्या ओळीला अजून आवाज नेमलेला नाही, आणि जलालुद्दीन अजून बाबूपेठेत आकिबच्या घरी गेलेला नाही.