पायलचं नाव मी पुकारलं नाही

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. पत्र्याचा, राखाडी रंगाचा आणि तोंडाने मोठा. रायपूरच्या एका कामगार पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, बुद्धविहाराच्या खांबावर मला बांधून तीस वर्षं झाली. माझा आवाज कर्कश आहे, ते मला कोणी सांगायला नको. पण एके काळी त्याच आवाजाचं कोण कौतुक होतं!

सकाळची वंदना, जयंतीची गाणी, नळाला पाणी नाही ही बातमी, सगळं माझ्याच तोंडून जायचं. माझं खरं काम मात्र वेगळं. कोणाचं लेकरू दिसेनासं झालं की आई आधी विहारात धावायची. विहार सांभाळणारे लहानूभाऊ हातातला चहा तसाच ठेवून माईकपाशी बसायचे. नाव, वय, कपड्यांचा रंग, बस्स! बाकीची चौकशी मागून, हा आमच्या पाऱ्याचा रिवाज. अर्ध्या तासात लेकरू कोणाच्या तरी कडेवर बसून यायचं. अशी बावीस लेकरं मी घरी आणली. फुशारकी म्हणा हवं तर.

पायल ही कलावतीबाईंची मुलगी, तेरा वर्षांची. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी बारा वाजता शाळा सुटली आणि ती घरी आलीच नाही. शाळेतल्या बाई म्हणाल्या, पोलीस ठाण्यात जा. कलावतीबाई गेल्या. तिथे पहिलाच प्रश्न आला, "किसके साथ भागी है?" मग म्हणाले, शाळा आमच्या हद्दीत नाही. दुसऱ्या ठाण्यात म्हणाले, घर आमच्या हद्दीत नाही, सुबह तक रुको, आ जाएगी. नुसती टोलवाटोलवी!

साडेतीनला त्या विहारात आल्या. लहानूभाऊंनी बटणावर बोट ठेवलं. मी तयारच होतो. तेवढ्यात कलावतीबाईंनीच त्यांचा हात धरला.

"नको भाऊ. कोणासंग पळाली म्हणून पुसून राहिले ते. भोंग्यावर नाव गेलं तर माह्या पोट्टीची बदनामी होईन. सकाळपर्यंत थांबू."

लहानूभाऊंनी बोट उचललं. माणसांनी बटण दाबल्याशिवाय मला बोलता येत नाही. याचं इतकं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुकारलं. गुपचूपची, म्हणजे पाणीपुरीची, गाडी लावणारा लोकेश धावतच आला. "दीदी, कल चार बजे तो मेरे सामने से गई! एका बाईसंग बस स्टँडकडे, रडून राहिली होती. मले मालूम असतं तर मी जाऊ दिलं असतं का?"

चार वाजता! म्हणजे कलावतीबाईंनी भाऊंचा हात धरला, त्यानंतर अर्ध्या तासाने. तेव्हापासून पायलचा पत्ता नाही.

त्या रडल्या, खूप रडल्या. मग त्यांनी अर्ज लिहून घेतला आणि मला ऑटोवर बांधून नवा रायपूरला, सरकारच्या मंत्रालयापाशी नेलं. भोंगा वाजवायची परवानगी मिळाली नाही. एवढे रुंद रस्ते, आणि ऐकायला माणूस नाही. तिथे मला फार एकटं वाटलं.

मंत्रालयातले एक साहेब फाटकापर्यंत आले. "माताजी, नियम तो है. रपट तुरंत लिखनी होती है."

"मंग मले सकाळपर्यंत थांब म्हणणाऱ्याले काय शिक्षा झाली, ते दाखवा," कलावतीबाई म्हणाल्या. "कायद्यात लिहा, साहेब. लेकरू हरवलं का आई ज्या ठाण्यात जाईन, त्यानंच त्याच घटकेला लिहावं. कोणासंग गेली, ते मागून पुसा. अन् परत पाठवलं तर पाठवणाऱ्याच्या नोकरीवर येऊ द्या."

अर्जावर शिक्का मिळाला. उत्तर अजून आलेलं नाही.

आता विहारात नवे स्पीकर आले आहेत, पण त्यांचा आवाज दाराबाहेर जात नाही. माझ्या तोंडात चिमण्यांनी काड्या भरल्या आहेत. माझी वायर मात्र कलावतीबाई कोणाला काढू देत नाहीत.

गेल्या महिन्यात शेजारच्या भावनाचा सहा वर्षांचा नील दिसेना. ती ठाण्यातून परत आली आणि हळूच म्हणाली, "थांबू का ताई, सकाळपर्यंत?" कलावतीबाईंनी तिला पुढे बोलूच दिलं नाही. धावत जाऊन त्यांनी स्वतः माईक घेतला. वीस मिनिटांत नील सापडला, रेल्वे फाटकापाशी. सारा पारा आनंदाने आपापल्या घरी गेला.

मित्रांनो, तुमच्यातलं कोणी उद्या वकील होईल, कोणी ठाण्यात बसेल, कोणी कायदे करेल. तुमच्यासमोर एखादी आई आली, तर तिला आधी लेकराचं नाव विचारा.

त्या संध्याकाळी सगळे गेले, तरी कलावतीबाई माईकपाशीच बसून होत्या. मग बटण दाबून त्या म्हणाल्या, "अजून कोणाचं लेकरू घरी आलं नसन, तर लाजू नका, आत्ताच या. मी बसून आहे."

मी ते साऱ्या पाऱ्याला ऐकवलं. कोणी आलं नाही. बाकी सगळ्यांची लेकरं घरी होती.