सत्तर टक्क्यांच्या पुढे

ओले मोजे. कॅबिनेटच्या मागे जाळीवर टाकले की चहा उकळेपर्यंत वाळतात.

टेबलफॅन. घरात आणला तेव्हा माणसांसाठी होता.

लग्नानंतरचे पहिले महिने. सासरी कुणी काहीही विचारलं की आधी हो म्हणून टाकायचं, मग बघायचं. गॅस बंद केलास का? हो. आणि मग धावत जाऊन बंद करायचा.

लाकडाचे चार ठोकळे, त्यातला एक बुटका.

"आम्हाला तुमचं मशीन दिसत नाही. आम्हाला फाइल दिसते." असं म्हणणाऱ्या बाईंचा स्टुडिओ आहे आणि त्यांच्याकडे वर्षभराचं काम आहे.

"खोलीच कोंदट आहे तुझी."

हे सगळं एकाच मशीनचं, घरातल्या कॉम्प्युटरचं. ठोकळे त्याच्या पायांखाली, खालून वारा जावा म्हणून. टेबलफॅन त्याच्या उघड्या कुशीकडे तोंड करून. मोजे नवऱ्याचे. आणि खोलीबद्दलचं ते वाक्य ताईचं, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या बहिणीचं. मशीनचा एकेक भाग निवडून, आणून, याच टेबलावर तिनं जोडला होता. भावजयीला लग्नाची भेट. ताई रुग्णालयातली यंत्रं दुरुस्त करते. तिच्या हाताखालून गेलेलं यंत्र परत येत नाही, असा तिचा लौकिक. हे एक तेवढं सारखं परत येत होतं.

ताईकडे त्याची कारणं तयार असत. टेबल भिंतीला चिकटलंय. खिडकी बंद असते. एका वेळी दहा गोष्टी उघडून बसतेस. भावजय ऐकून घेई. टेबल सरकवलं, खिडकी उघडली, धूळ आली, धुळीबद्दलही ऐकून घेतलं. मशीन तापतच राहिलं, पण तिची कामं लहान होती, गाडी ढकलत चालली होती.

भावजयीचं काम असं: दुसऱ्या भाषेतल्या माहितीपटांना नवा आवाज चढवायचा, ओठांशी, दाराच्या करकरीशी जुळवायचा आणि शेवटी चित्र-आवाज एकत्र करून एक अखंड फाइल काढायची. स्टुडिओच्या बाईंनी एक संपूर्ण माहितीपट नमुना म्हणून दिला होता. संध्याकाळपर्यंत फाइल गेली तर वर्षभराचं काम घरी, या टेबलावर. नाही गेली तर पुन्हा जुन्या नोकरीत, दुसऱ्याच्या मशीनवर, दुसऱ्याच्या वेळेला.

जुळवाजुळव केव्हाच संपली होती. फाइलच निघत नव्हती. पट्टी हिरवी होत पुढे सरके. साठ टक्के. पंखे किंचाळू लागत. पासष्ट. ती खुर्चीतून उठून उभी राही, जणू बसल्यानं मशीनवर भार येतो. अडुसष्ट, एकोणसत्तर, सत्त

काळा पडदा.

गेल्याच आठवड्यात ताईनं जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली होती, रॅम दुप्पट केली होती. त्यामुळे आता मशीन झटकन सुरू होई आणि झटकन तापे.

"प्रोसेसरचा कूलरच बदलते," ताई दुपारी आली ती नवा कूलर घेऊनच. खोक्यातून निघाला तो जवळजवळ विटेएवढा. "हा बसला की प्रश्नच मिटला. आणि ती खिडकी उघड."

"उघडीच आहे, ताई."

"मग पडदा बाजूला कर."

नवरा दारात उभा होता. "काही मदत?"

"तुझे मोजे उचल आधी," दोघी एकदम म्हणाल्या. तो मोजे घेऊन गेला.

ताईनं कॅबिनेट आडवं घातलं, जुन्या कूलरचे चार स्क्रू सोडवले, तो जरासा पिळला आणि उचलला. उलटा करून पाहिला. आणि पाहतच राहिली.

कूलरचा तळ प्रोसेसरला थेट टेकायला हवा, मध्ये फक्त पेस्टचा पातळ थर. तीच पेस्ट उष्णता वर नेते. इथे पेस्ट होती, वाळून खडू झालेली. पण तिच्या आणि धातूच्या मध्ये एक पारदर्शक प्लास्टिकची फिल्म होती, कडेला पिवळी पडलेली. तिच्यावर लाल अक्षरं अजून वाचता येत होती: बसवण्याआधी काढा. शेजारी बाणही होता, कुणाला शंका राहू नये म्हणून.

भावजयीनं खांद्यावरून वाकून वाचलं. मग पुन्हा वाचलं.

इतक्या वर्षांची बोलणी तिच्या जिभेवर येऊन रांगेत उभी राहिली. टेबल. खिडकी. धूळ. दहा गोष्टी. कुठलं आधी फेकावं एवढाच प्रश्न होता.

ताईनं नखानं फिल्म सोलली. पुढे काही बोलण्याआधी तिनं भावजयीकडे पाहिलं, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "बसवताना मी स्वतः बघायला हवं होतं."

रांग तिथेच मोडली. ताईच्या तोंडून असं वाक्य या घरात आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

"म्हणजे खोली कोंदट नव्हती," भावजय म्हणाली.

"खोली कोंदटच आहे."

ताईनं तळ घासून पुसला, प्रोसेसर पुसला, वाटाण्याएवढी पेस्ट ठेवली आणि जुनाच कूलर पुन्हा हातात घेतला.

"आणि नवा?"

"तो बसवला तर श्रेय त्याला जाईल, चिऊ. मला कळलं पाहिजे, एवढंच होतं की आणखी काही आहे." तिनं नव्याचं खोकं बंद केलं. "लागला तर आहेच. नाही लागला तर दुकानात परत."

"तोवर संध्याकाळ होईल."

"झाली तर माझ्या नावानं खडे फोड."

स्क्रू आवळले. कॅबिनेट उभं राहिलं. भावजयीनं टेबलफॅन लावायला हात पुढे केला, ताईनं तो अडवला.

साठ टक्के. पंखे फिरत होते, पण शेजारच्या खोलीत नवऱ्यानं पान उलटलेलं ऐकू येत होतं. पासष्ट. भावजय उठून उभी राहिली. ताईही उठली, मग आपण का उठलो हे न कळून पुन्हा बसली. एकोणसत्तर. सत्तर. एकाहत्तर.

"तापमान?" ताईनं विचारलं.

"चौसष्ट."

"आधी किती असायचं?"

"अठ्ठ्याण्णवच्या पुढचं मला कधी बघायलाच मिळालं नाही. बंदच पडायचं."

फाइल गेली तेव्हा उजेड होता. स्टुडिओच्या बाईंचं उत्तर आलं: मिळाली, स्वच्छ आहे, पुढचा माहितीपट सोमवारी पाठवते. ताईनं नव्या कूलरचं खोकं पिशवीत घातलं. दारात चप्पल घालताना म्हणाली, "ठोकळे काढून टाक आता. त्यातला एक बुटका आहे, मशीन डुगडुगतं."

"चौथा तुम्हीच कापला होता."

"तोही?" ताई म्हणाली आणि जिना उतरली.

नवरा कॅबिनेटमागे हात घालून, पुन्हा तिथेच आणून टाकलेले मोजे चाचपत होता. ते अजून ओलेच होते.

कूलर पहिल्यांदा बसला त्या दुपारी ताई मदरबोर्डवर वाकलेली होती आणि तिच्या ओठांत स्क्रू होते. "प्लास्टिक काढलंस ना?" असं तिनं वर न बघता विचारलं, आणि लग्नाला महिनाही न झालेली भावजय कूलर पुढे करत "हो" म्हणाली.